एक्सप्लेनर : मोबाइलवर ‘सिंहासन’ पाहताय? प्रत पूर्ण आहे का, हे असे ओळखा

‘सिंहासन’ १९७९ मध्ये तयार झाला, तेव्हा जालना हा स्वतंत्र जिल्हाच नव्हता. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्यामुळे जिल्ह्यातील आजच्या तरुण मतदाराने डॉ. जब्बार पटेल यांचा हा राजकीय चित्रपट पाहिला असेल, तर तो बहुधा टीव्हीवर, सीडीवर किंवा मोबाइलवरच. पण त्याने पाहिलेली प्रत पूर्ण होती का? हे घरबसल्या तपासता येते.

प्रत एवढी महत्त्वाची का?

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक) यांची खुर्ची डळमळते आहे. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. श्रीराम लागू) संधीची वाट पाहत आहेत. पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) हे सारे जवळून पाहतो. सोबत कामगार नेता डिकास्टा (सतीश दुभाषी) आणि तस्करांचे जगही आहे. हे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. कामगारांचे प्रसंग गाळले, तर उरते ती फक्त खुर्चीची ओढाताण. सत्तेच्या सौद्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नच गायब होतो.

पहिली तपासणी : लांबी

चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते. त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिमी फिल्म एका मिनिटात सुमारे २७.४ मीटर पुढे सरकते. म्हणून मीटरच्या आकड्याला २७.४ ने भागले की मिनिटे मिळतात. उदाहरणार्थ, ४,११५ मीटर म्हणजे साधारण १५० मिनिटे.

पण प्रत थोडी कमी भरली म्हणून लगेच कात्री लागली, असे समजू नका. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, तर भारतातील जुनी टीव्ही पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता १४४ मिनिटांत संपतो. आवाज मात्र किंचित बारीक होतो. फरक चार टक्क्यांहून बराच जास्त असेल, तर काहीतरी कापलेले असण्याची शक्यता मोठी.

दुसरी तपासणी : चौकट

त्या काळातील बहुतेक मराठी चित्रपटांची चौकट ४:३ च्या जवळपास होती. आडव्या मोबाइलवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या, तर तो दोष नाही. पडदा ‘भरण्यासाठी’ चित्र १६:९ केले, तर वरचा आणि खालचा मिळून पाव भाग जातो. चित्र ताणले, तर चेहरे रुंद दिसतात.

तिसरी तपासणी : स्पष्टता

चित्रपट दोन-तीन सीडींवर यायचा, तेव्हा चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असे. डीव्हीडीत ते ७२० × ५७६ झाले. फुल एचडीत १९२० × १०८० बिंदू, म्हणजे सीडीच्या सुमारे वीसपट. पण सीडीवरून घेतलेल्या चित्रावर ‘एचडी’ लिहिले म्हणून हरवलेला तपशील परत येत नाही.

‘सिंहासन’ कृष्णधवल आहे. त्यात काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा महत्त्वाच्या. अंधारातील माणूस निव्वळ काळा डाग दिसत असेल, तर प्रत निकृष्ट. फिल्मचे बारीक कण मात्र असायलाच हवेत. ते सगळे पुसले की चेहरे मेणाचे वाटतात.

चौथी तपासणी : आवाज

चित्रपटाची सुरुवात मुख्यमंत्र्यांना आलेल्या निनावी फोनने होते. कटाची ही खबर शब्द न् शब्द ऐकू यायला हवी. सुरेश भटांचे गीत आशा भोसले यांच्या आवाजात आहे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. खरखर काढण्याच्या नादात शब्दांच्या कडा बोथट झाल्या, तर ती सफाई काय कामाची?

नव्या आवृत्तीकडून काय मागायचे?

ती मूळ निगेटिव्हवरून केली की थिएटरात फिरलेल्या प्रिंटवरून, हे वितरकाने सांगावे. मिनिटे स्पष्ट छापावीत. इंग्रजीसोबत मराठी सबटायटलही द्यावीत, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांनाही चित्रपट कळेल. जुन्या फिल्म जपण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पण जपलेली फिल्म घरापर्यंत पोहोचते ती प्रत बनवणाऱ्याच्या हातून.

शेवटी दिगूच्या मनाचा तोल ढळतो. आधीची दोन तास चाललेली सौदेबाजी पूर्ण पाहिली असेल, तरच ते का झाले हे कळते. नुसत्या शेवटच्या क्लिपमध्ये दिसतो तो फक्त एक वेडा.