जातिवंत गुरांची जोपासना

आमच्या आष्टीकडे पाऊस बेभरवशाचा. म्हणून येथें गोधन संख्येनें नव्हे, गुणानें मोजावें. परदेशांत मांसासाठीं जातिवंत कळप पाळतात. आपल्याकडे औत व दूध हीं प्रयोजनें. मराठवाड्यांत यासाठीं दोन जाती नांवाजलेल्या आहेत : ओढकामास चिवट अशी लाल कंधारी, आणि औत व दूध दोहोंस उपयोगी पडणारी काळ्यापांढऱ्या रंगाची देवणी.

जात राखण्याचें मर्म वळूंत आहे. गाय वर्षास फार तर एक वासरूं देते. वळूची संतति साऱ्या गांवांत पसरते. म्हणून वळू निवडतांना केवळ रूप न पाहतां त्याच्या आईचें दूध विचारावें. त्याच्याच कालवडी माजावर येण्यापूर्वीं तो बदलावा. नाहीं तर वंश खुरटतो. प्रत्येक वासराचा जन्मदिवस व आईबाप वहींत टिपावेत. हें काम घरांतील शिकत्या मुलांनीं आपलें मानावें.

सन २०१९ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. अशा वर्षीं गाय विकली, कीं तिच्यासह कित्येक पिढ्यांची निवड जाते. ती पुढील पावसाबरोबर परत येत नाहीं. यास्तव सुगींत कडब्याची गंज रचून ठेवणें हीच जात राखण्याची पहिली पायरी होय, असें आम्हांस वाटतें.