बागेतील फॉक्सग्लोव्ह – लेखांक 5 : वर्षानुवर्षे टिकणाऱ्या जाती

जांभळा फॉक्सग्लोव्ह बी धरून मरून जातो, तरी त्याच्याच प्रजातीत एकाच जागी वर्षानुवर्षे फुलणाऱ्या जाती आहेत. हा फरक बुडाशी घडतो. जांभळ्या जातीत पहिल्या वर्षी साठवलेले जवळजवळ सारे अन्न दुसऱ्या वर्षीच्या उंच तुऱ्यावर आणि बियांवर खर्च होते. बहुवर्षायू जातींत दांडा वाळण्याआधीच त्याच्या बुडाशी नव्या पानांचे झुबके फुटतात आणि पुढचा फुलोरा त्यांतून येतो. म्हणून रोप टिकेल की नाही हे ताडायचे, तर तुऱ्याऐवजी बूड पाहावे.

युरोपातील घरगुती बागांसाठी सर्वांत भरवशाची जात म्हणजे मोठ्या फुलांचा पिवळा फॉक्सग्लोव्ह, डिजिटॅलिस ग्रँडिफ्लोरा. मध्य युरोपपासून सायबेरियापर्यंतच्या डोंगराळ रानांत ती वाढते. उंची 60 ते 90 सेंटीमीटर असल्याने सहसा काठीचा आधार लागत नाही. फुलांचा आकार तिळाच्या फुलासारखा, रंग फिकट पिवळा आणि आतल्या बाजूला तपकिरी रेषांची जाळी. अर्धवट सावली, पालापाचोळ्याचे खत घातलेली ओलसर माती आणि पाण्याचा चांगला निचरा मिळाला की बेट दरवर्षी रुंदावत जाते. डिजिटॅलिस ल्युटिया ही तिची बारीक फुलांची बहीण चुनखडीच्या जमिनीतही सुखाने वाढते; ज्यांच्या बागेत जांभळी जात रुजत नाही, त्यांनी ही लावून पाहावी.

स्पेनमधील दोन जातींची गरज वेगळी आहे. उत्तर स्पेनच्या डोंगरांतील डिजिटॅलिस पार्व्हिफ्लोराची गर्द तपकिरी फुले दांड्यावर दाटीने बसतात. डिजिटॅलिस ऑब्स्क्युरा तर छोटे झुडूपच आहे. तिची पाने अरुंद, फुले नारिंगी-तपकिरी. तिला ऊन आणि कोरडी, मुरमाड जमीन लागते. बाल्कन आणि तुर्कस्तानातील गंजरंगी डिजिटॅलिस फेरुजिनिया बहुवर्षायू म्हणून विकली जाते, पण बरीच रोपे एकदा भरभरून फुलली की संपतात. तिचे थोडे बी दरवर्षी जागच्या जागी पडू द्यावे.

एका वाचकाने विचारले आहे की ‘मर्टोनेन्सिस’ हा संकर असूनही त्याच्या बियांपासून तशीच तांबूस गुलाबी फुले कशी येतात. हा संकर 1920 च्या दशकात लंडनजवळच्या मर्टन येथील जॉन इन्स संस्थेत तयार झाला. नावही त्या गावावरूनच पडले. जांभळी जात आणि पिवळी ग्रँडिफ्लोरा हे त्याचे जनक. दोघांच्याही पेशींत 56 गुणसूत्रे असतात. त्यांचा साधा संकर जवळजवळ वांझ निघतो, कारण एका जनकाच्या गुणसूत्रांना दुसऱ्याच्या गुणसूत्रांत नीट जोडीदार सापडत नाहीत. मर्टोनेन्सिसमध्ये मात्र ती दुप्पट होऊन 112 झाली. आता प्रत्येक गुणसूत्राला आपल्याच घराण्यातला जोडीदार आहे. त्यामुळे बी धरते आणि रोपेही मूळ संकरासारखी येतात. दोन जातींमधून स्वतःचा वंश चालवणारी तिसरी वनस्पती कशी उभी राहते, याचे इतके सुंदर उदाहरण घरच्या वाफ्यात क्वचितच पाहायला मिळते.

आयुष्याच्या बाबतीत मर्टोनेन्सिस दोन्ही जनकांच्या मधोमध आहे. पिवळ्या जनकाकडून बुडाशी झुबके फुटण्याची सवय आली, पण जांभळ्याचा उधळा स्वभावही आला. त्यामुळे तसेच सोडलेले बेट दोन-तीन वर्षांत थकते. फुले सरताच दांडा बुडालगत छाटावा, म्हणजे बियांवर जाणारी शक्ती नव्या झुबक्यांकडे वळते. दर दोन वर्षांनी फुलोरा आटोपल्यावर बेट उकरावे, प्रत्येक झुबक्याला पुरेशी मुळे ठेवून वेगळे करावे, मधला जून भाग टाकून द्यावा आणि नवी रोपे 30 ते 40 सेंटीमीटर अंतरावर लावावीत. झुबक्याचा गाभा मातीत गाडला जाऊ देऊ नये. कडाक्याची थंडी या जाती सोसतात. त्यांना मारते ते हिवाळ्यात बुडाशी साचणारे पाणी. चिकण मातीत वाफा थोडा उंच करून त्यात जाडी वाळू व पानांचे खत मिसळावे.

थंडी फुलोऱ्यासाठीही आवश्यक आहे, कारण हिवाळ्याचा गारवा लागल्यावरच बहुतेक जाती दांडा धरतात. भारतात निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत जांभळी जात बागांतून निसटून रानात रुजली, ती तिथल्या थंड हवेमुळे. महाराष्ट्राच्या पठारावरचा उन्हाळा मात्र या रोपांना सहसा पार करता येत नाही.

बेट फोडताना हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. या प्रजातीच्या पानांत, बियांत आणि मुळांतही हृदयावर थेट परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. डिगॉक्सिन हे हृदयावरचे औषध 1930 मध्ये सिडनी स्मिथ यांनी डिजिटॅलिस लॅनाटा या जातीच्या पानांतून वेगळे केले. त्यातही उपयुक्त आणि घातक मात्रेत अंतर फार थोडे आहे. फुलोऱ्याआधीची पाने कॉम्फ्रीची समजून खाल्ल्याने युरोपात विषबाधा झालेल्या आहेत. म्हणून ही रोपे भाजीपाल्याच्या आणि औषधी पाल्याच्या वाफ्यापासून दूर, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी लावावीत.