झटक्यानंतरचे हृदय

मी बालरोगतज्ज्ञ. प्रौढांच्या हृदयाविषयी लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात शिरणे होय. व्यवसायबंधूंना यात नवे काही नाही. स्मरणिका घरोघरी वाचली जाते, म्हणून हा प्रपंच.

नारायणगुड्यातील माझ्या दवाखान्यात नातवंडांना लशीसाठी बहुधा आजोबाच घेऊन येतात. असेच एक आजोबा, झटका येऊन गेल्यावर तीन महिन्यांनी, "आता ठणठणीत आहे, गोळ्या बंद केल्या" असे म्हणाले. मी हसून लस टोचली. वर्षभराने ते आले, तेव्हा एक जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागले होते.

मधल्या काळात आत काय घडते? रोहिणी बंद पडली की अर्ध्या तासाच्या आतच हृत्स्नायूच्या पेशी मरू लागतात. पांढऱ्या पेशी मृत भाग साफ करतात. त्या पहिल्या आठवड्यात भिंत सर्वांत दुबळी असते. पुढे सहा ते आठ आठवड्यांत तेथे घट्ट वण तयार होतो. मॅलरी, व्हाइट व सॅल्सिडो-सॅल्गर यांनी १९३९ मध्ये ७२ रुग्णांच्या शवविच्छेदनावरून बरे होण्याचा हा क्रम मांडला.

परंतु वण आकुंचन पावत नाही. मृत भाग ताणला जाऊन पातळ होतो आणि उरलेल्या निरोगी स्नायूवर जादा भार पडतो. मुळात लंबगोल असलेली डावी जवनिका हळूहळू चेंडूसारखी गोल होते. लाप्लासच्या नियमानुसार पोकळी रुंदावली व भिंत पातळ झाली की भिंतीवरील ताण वाढतो. आणि ताण वाढला की पोकळी आणखी रुंदावते. मायट्रल झडपेच्या दोऱ्या ओढल्या जाऊन झडपही गळू लागते. यालाच रिमॉडेलिंग म्हणतात. रुग्णाला मात्र महिनोन्महिने काही जाणवत नाही, आणि खरी फसगत येथेच होते.

कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले. बॉस्टनच्या फेफर दांपत्याने उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की त्याने हे रुंदावणे रोखता येते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' चाचणीत २२३१ रुग्ण होते. सर्वांचे हृदय दुर्बळ झालेले, पण हृदय निकामी होत असल्याची उघड लक्षणे कोणालाच नव्हती. औषध घेणाऱ्यांतील मृत्यू १९ टक्क्यांनी घटले. बीटा ब्लॉकर व स्पायरोनोलॅक्टोन यांचीही आज साथ आहे.

आमच्या शाखेतही असे हृदय भेटते. क्वचित एखाद्या बाळाची डावी हृद्‍रोहिणी चुकीने फुप्फुसधमनीतून निघते. दोन-तीन महिन्यांचे बाळ दूध पिताना घामाघूम होऊन रडते आणि घरचे पोटदुखी समजून बाळघुटी देतात. १९३३ मध्ये हा विकार वर्णन करणाऱ्या तिघांत वर उल्लेखिलेले व्हाइटही होते. शस्त्रक्रियेने रोहिणी महाधमनीला जोडली की फुगलेले हृदय पुष्कळदा काही महिन्यांत पूर्ववत होते, कारण तेथील बराच स्नायू मेलेला नसून उपासमारीने निपचित पडलेला असतो. आजोबांच्या वणात असा स्नायू फारसा उरत नाही.

हृद्‍रोगतज्ज्ञांनी त्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. हृदय थोडे आवरले, पूर्ववत झाले नाही. नातवाचे वजन करण्याआधी मी आता आजोबांच्या गोळ्यांची चौकशी करतो.