पेट्रोल न मोजणारा सेन्सर

ठाणे-बेलापूर रस्त्यावर तळवलीच्या आसपास कोंडीत अडकलेल्या जुन्या एमपीएफआय गाडीची ठरलेली तक्रार: आयडलिंगला मिसिंग मारते. स्कॅनर ‘लीन’ म्हणतो, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचा सल्ला मिळतो. पैसे जातात आणि कोड परत येतो.

कारण हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. बॉशने १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बसवलेला हा झिर्कोनियाचा सेन्सर धुरात उरलेल्या ऑक्सिजनची बाहेरच्या हवेशी तुलना करतो. ऑक्सिजन उरला तर ०.१ व्होल्टच्या आसपास, संपला तर ०.९. इंजिन तापल्यावर आकडा या दोन टोकांत सारखा खाली-वर होत असेल, तर सेन्सर बहुधा ठीक आहे. एवढं पाहायला साधा मल्टिमीटर पुरतो.

आता समजा एक प्लग मारत नाही. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता सायलेन्सरकडे जातात. सेन्सरला त्यातला फक्त ऑक्सिजन दिसतो. तो ‘लीन’ सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, वाया जाणाऱ्या पेट्रोलमध्ये आणखी पेट्रोल ओततो! एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल तरी हाच घोटाळा, कारण बाहेरची हवा आत शिरते. म्हणून आधी प्लग, कॉइल, गॅस्केट. सेन्सर सगळ्यांत शेवटी. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली वाढ-घट, दिसत असेल तर तोही बघावा. आयडलला खूप वाढलेला ट्रिम अडीच हजार आरपीएमला उतरला, तर इनटेकचा एखादा व्हॅक्यूम पाइप तडकलेला असण्याची शक्यता मोठी. लोड वाढवल्यावर ट्रिम चढत गेला, तर फिल्टर किंवा पंप.

त्यात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल आलं. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच, ई-२० ला साधारण साडेतेरा. त्यामुळे ट्रिम काही टक्के वर सरकणं हा बिघाड नव्हे. हौसेने बसवलेलं हवा-पेट्रोल प्रमाणाचं मीटर मात्र १४.७ च दाखवत राहतं, कारण ते लॅम्डाला (प्रत्यक्ष हवा भागिले त्या इंधनाला लागणारी हवा) पेट्रोलच्या आकड्याने गुणतं. लॅम्डाच बघावा; तो १ हवा. गाडी थंड असताना किंवा पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू या सेन्सरचं ऐकत नाही, तेव्हा जुनी गाडी खरोखरच लीन चालू शकते.

गाडी लीन चालते का हे कळायला पीयूसीवर विसंबू नका. लॅम्डाची अट बीएस-४ गाड्यांपासून आहे. त्याआधीच्या गाडीचा फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, आणि लीन इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड कमीच येतो.