पाच वर्षं झाली, आता आणखी दोन कशाला?

मेहकरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज पापड-लोणच्याचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही. आज बोलायचंय ते एका शिक्षणाबद्दल. एम.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरचं पदवीनंतरचं शिक्षण.

विषय निघाला तो आमच्या महिन्याच्या बैठकीत. वसुली झाली, वही मिटली, आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "पोरगी म्हणते, आणखी दोन वर्षं शिकते. काय सांगू तिला?" लेक बी.आर्क. झालेली. आमच्या गटातली या वाटेनं गेलेली पहिलीच. घरात भाऊ म्हणे, "पाच वर्षं शिकली, आता कमव." काका म्हणे, "स्थळ आलंय, चांगलं आहे." वडील काहीच बोलेनात, पण दीड एकराचा तुकडा विकावा लागेल का, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बैठकीत एकीनं विचारलं, "काहून बाप्पा, घर बांधायला एवढं शिकावं लागते का?" आम्ही सगळ्या हसलो. मग लक्षात आलं, की उत्तर कोणाजवळच नाही. म्हणून महिनाभर आम्ही विचारपूस केली. त्या लेकीला समोर बसवून सगळं समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी पहिली पाच वर्षं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेली मुलगी नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर देते आणि बी.आर्क.ला जाते. पाच वर्षांत नकाशे, बांधकाम, साहित्य, ऊन-वारा, इमारतींचा इतिहास, सगळं थोडं थोडं शिकते. त्यातच काही महिने एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. पास झाली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करायची. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी असेल तरच नावामागे 'आर्किटेक्ट' लावता येतं. म्हणजे घरं, शाळा, दवाखाने यांचे आराखडे करायला, स्वतःचं ऑफिस उघडायला बी.आर्क. पुरतं. त्यासाठी एम.आर्क.ची अट नाही. भावाचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

मग एम.आर्क. कशासाठी? आम्हाला असं समजलं. पाच वर्षांत जे थोडं थोडं शिकलं, त्यातलं एक धरायचं आणि खोल जायचं. दोन वर्षं, चार सत्रं. प्रत्येक शाखेचा प्रश्न वेगळा असतो. आपल्या भागातली उदाहरणं घेऊन सांगतो.

पहिली शाखा पर्यावरणाची. आमच्या आजीचं घर धाब्याचं होतं, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती. मे महिन्यात दुपारी आत गेलं की गार. जाड मातीची भिंत हळूहळू तापते, आतपर्यंत उष्णता पोचेस्तोवर संध्याकाळ होते. आता आपण टिनाच्या खोल्या बांधल्या. टिन पातळ. ऊन पडलं की लगेच तापतं आणि ती आग सरळ खाली डोक्यावर सोडतं. पण म्हणून पुन्हा मातीचं घर बांधा म्हणून चालत नाही. धाबं दरवर्षी दुरुस्त करावं लागते, लाकूड महाग झालं, उंदीर-वाळवी वेगळी. मग आजच्या पैशात, आजच्या सामानात गार घर कसं करायचं? खिडकी कोणत्या बाजूला, पश्चिमेच्या भिंतीला सावली कशाची, छपराखाली हवा कशी खेळवायची? हे मोजून, तापमानाच्या नोंदी घेऊन शिकायची ही शाखा.

दुसरी शाखा जतनाची, म्हणजे कॉन्झर्वेशन. आपल्या मेहकरात कंचनीचा महाल आहे, लोणारला दैत्यसूदनाचं मंदिर, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान असलेला राजवाडा. जुनी वास्तू पडायला आली की आपण म्हणतो, सिमेंट मारा, पक्की होईल. तिथंच घात होतो. चुन्यातली जुनी भिंत ओल बाहेर सोडत असते. वरून सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. म्हणून एकेक दगड मोजायचा, भेग कशानं पडली ते शोधायचं, जुना चुना कसा केला होता ते तपासायचं, संरक्षित वास्तूंचा कायदा वाचायचा, आणि मगच हात लावायचा. हे शिक्षण भोपाळ आणि दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या केंद्र सरकारच्या संस्थांत आहे, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातही आहे.

तिसरी शाखा लँडस्केपची. आम्हाला वाटलं, बाग लावायचं शिक्षण. तसं नाही. पाणी, माती, झाडं, उतार आणि माणसाचा वावर यांचा एकत्र विचार ती करते. आपलं लोणारचं सरोवर घ्या. काळ्या पाषाणात उल्का पडून झालेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा. तिथं पायवाट कुठून न्यावी, गाड्या कुठं थांबवाव्या, गावाचं सांडपाणी कुठं वळवावं, हे सगळे प्रश्न या शाखेत येतात. सिंदखेडराजाचा मोती तलाव बांधणाऱ्यांनी पाण्याचा आणि जमिनीचा असाच विचार केला होता, पदवी नव्हती एवढंच.

चौथी शाखा अर्बन डिझाइन, म्हणजे शहरातल्या रस्त्यांची, चौकांची, बाजाराची रचना. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला सावली कुठं, बायकांची मुतारी कुठं, स्टँडवरून रात्री उतरलेल्या मुलीला उजेडाची वाट कोणती? हे प्रश्न आपण रोज भोगतो. त्याचाही अभ्यास असतो, हे आम्हाला आत्ता कळलं.

याला लागूनच एक वेगळी पदवी आहे, एम.प्लॅन., म्हणजे नगररचना. काही संस्थांत तिला भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही प्रवेश मिळतो. आम्ही बी.ए.वाल्यांनी हे ऐकलं आणि कान टवकारले. पण एम.आर्क.ला मात्र आधी बी.आर्क. लागतंच.

शिकवतात कसं? पुस्तकं आहेत, पण खरं शिक्षण स्टुडिओत. एक जागा देतात. तिथं जायचं, मोजमाप घ्यायचं, लोकांशी बोलायचं, आराखडा मांडायचा. मग ज्युरी बसते, म्हणजे मास्तर आणि बाहेरचे जाणकार. ते विचारतात, "हे असंच का?" उत्तर नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या वर्षी प्रबंध. विषय आपला आपण निवडायचा. त्या लेकीनं सांगितलं, रात्र रात्र जागून काम होते, आणि सकाळी दहा मिनिटांत ते खोडलं जाते. सोसायची तयारी पाहिजे.

आता कोणी म्हणेल, आपल्यातलं कोण गेलं आहे एवढ्या दूर? गेले आहेत की. कोकणात आचऱ्याला १९१६ मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे.जे.त शिकले. सरकारी नोकरीत असताना १९४५ मध्ये सरकारनंच त्यांना पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत हार्वर्डला पाठवलं. तिथं वॉल्टर ग्रोपियस या नामवंत आर्किटेक्टच्या हाताखाली ते शिकले आणि १९४७ मध्ये परत आले. पुढं कानपूरच्या आयआयटीच्या इमारती त्यांनी उभ्या केल्या. आणि दूध घालणाऱ्या बायांनो, गुजरातेत मेहसाण्याची दूधसागर डेअरीही त्यांचीच. आतली गरम हवा वर निघून जावी म्हणून त्या इमारतीला उंच झोत काढले आहेत. अमेरिकेत शिकले, पण इथलं ऊन विसरले नाहीत.

बायकांची वाटही जुनी आहे. पेरिन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये जे.जे.मधून पदविका घेतली. त्या भारतातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्ट मानल्या जातात. मुंबईच्या ब्रिंदा सोमाया जे.जे.नंतर अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात शिकल्या. २००१ च्या भूकंपात कच्छमधलं भाडली गाव पडलं, ते त्यांनी गावकऱ्यांशी बोलून पुन्हा उभं केलं. आणि पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय तर फक्त मुलींचं आहे. तिथं लँडस्केप आणि पर्यावरण या विषयांत एम.आर्क. करता येतं. मुलीला एकटं पाठवायची धास्ती वाटणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. आयआयटी, एनआयटी आणि भोपाळसारख्या केंद्रीय संस्थांसाठी गेट परीक्षा, पेपरचं नाव एआर. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. तीन तास, १०० गुण, चुकलेल्या पर्यायी उत्तराला गुण कापतात. मुलींना परीक्षेची फी निम्मी. मिळालेले गुण तीन वर्षं चालतात, म्हणजे परीक्षा देऊन नोकरी करावी आणि नंतर प्रवेश घ्यावा, हेही जमते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षाचं माहितीपत्रकच वाचायचं, शेजारच्याचं ऐकून अर्ज भरायचा नाही. आणि कॉलेजच्या त्या एम.आर्क. कोर्सला कौन्सिलची मान्यता आहे का, हे पैसे भरायच्या आधी बघायचं.

आता पैसा. फीशिवाय वसतिगृह, चांगला लॅपटॉप, प्रिंट, मॉडेलचं सामान आणि साइटवर जाण्यायेण्याचं भाडं धरा. हा खर्च कोणी आधी सांगत नाही. गेट देऊन केंद्रीय संस्थेत गेलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. म्हणून गेटचा अभ्यास हीच पहिली बचत समजा. आपल्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी महाडीबीटीवर तपासा. ती बहुधा सरकारी फेरीतून झालेल्या प्रवेशालाच लागते, मॅनेजमेंट कोट्याला नाही.

कर्जाचं सांगतो, कारण इथं आम्ही स्वतः ठेच खाल्ली. त्या ताईंना घेऊन एका बँकेत गेलो. साहेब वर न बघताच म्हणाले, "सातबारा आणा, मग बोलू." ताई तशाच उठल्या. घरी येऊन नियम वाचला, तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. आईवडील सहकर्जदार लागतात, तेवढंच. ४ लाखांपर्यंत आपल्या पदरचे पैसेही घालावे लागत नाहीत. शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता थांबतो. २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली. तिच्या यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत नसाल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या थांबलेल्या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळते. आम्ही दुसऱ्या दिवशी नियमाचा कागद हातात घेऊन दुसऱ्या शाखेत गेलो. तिथं अर्ज घेतला.

आणि एक. फी भरायला गटाचं कर्ज काढू नका. शेकडा दोननं ४० हजार घेतले तर महिन्याला ८०० रुपये व्याज, दोन वर्षांत १९,२०० रुपये. गटाचं कर्ज चार-सहा महिन्यांत पैसा फिरवणाऱ्या धंद्याला बरं. शिक्षणाचा पैसा उशिरा परत येतो, त्याला शिक्षणाचंच कर्ज पाहिजे. जमीन तर नकोच.

राहिला मोठा प्रश्न. घ्यावं का? आम्हाला आता असं वाटते. नोकरी लागत नाही म्हणून, किंवा लग्न लांबवायचं म्हणून एम.आर्क. घेतलं, तर दोन वर्षं जातात आणि प्रश्न तिथंच राहतो. मनात एखादा प्रश्न ठाण मांडून बसला असेल, तर ते शिक्षण कामी येते. कॉलेजात शिकवायचं असेल, जुन्या वास्तूंवर काम करायचं असेल, तर या पदवीचा मोठा आधार होतो. एक-दोन वर्षं नोकरी केली की तो प्रश्न स्वच्छ दिसतो, थोडा पैसाही हाती येतो.

म्हणून आम्ही त्या लेकीला एवढंच विचारलं, "तुला काय शोधायचं आहे?" ती आईकडं बघून म्हणाली, "आमची टिनाची खोली. माय तिथं शिलाई करते. मे महिन्यात दुपारी मशीनला हात लावता येत नाही, म्हणून दोन महिने कमाई अर्धी होते. असं घर किती बायकांचं असेल? त्यावरच मला काम करायचं आहे." ताई गप्प झाल्या. काकाही त्या दिवशी स्थळाचं काही बोलले नाहीत.

आता ती अकोल्याला एका ऑफिसात काम करते आणि रात्री गेटचा अभ्यास करते. फेब्रुवारीत परीक्षा देईल. प्रवेश मिळेल न मिळेल, ते पुढं. पण जमीन जागेवर आहे, कर्जाचा कागद तयार आहे, आणि घरात आता "कशाला" हा शब्द येत नाही, "कधी" येतो.

तुमच्या गटातली एखादी लेक असं काही म्हणाली, तर हो किंवा नाही म्हणायच्या आधी तिला तेवढं विचारा, काय शोधायचं आहे ते. मग खर्च मांडायला सगळ्या मिळून बसा. हिशेब तर आपल्याला येतोच.