आधी रंग, मग पाखरू

आकाशकंदील टांगून झाला की घरात दोन गोष्टी उरतात: वाटीभर खळ आणि कागदाचे तुकडे. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत या उरल्यासुरल्यावर मुलांचा दुसरा उद्योग सुरू होतो, रंगवलेल्या कागदाचे पक्षी चिकटवायचा. मुहूर्तही जवळच असतो. ५ नोव्हेंबर हा वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. हा आठवडा महाराष्ट्रात २०२०पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो.

छापील चित्रात पक्षी आधीच कुणीतरी काढून ठेवलेला असतो. मुलाच्या वाट्याला येते ती नुसती भरणी. इथे क्रम उलटा. आधी कागद रंगवायचे, तेही कुठलाच पक्षी मनात न धरता. पाठकोरे कागद, पोस्टर कलर, जुना टूथब्रश, कंगवा आणि स्पंजचा तुकडा एवढं पुरतं. ओल्या रंगावरून कंगवा ओढला की पिसांच्या रेघा उमटतात. टूथब्रशवरून अंगठा फिरवला की शिंतोडे उडतात. स्पंजने मऊ, ढगाळ पोत येतो. एका बाजूने रंगवलेला कागद वाळताना वळतो, म्हणून सुकला की रात्रभर वजनाखाली ठेवायचा. दिवाळी अंकांचा गठ्ठा या कामाला उत्तम.

ही रीत लहान मुलांपुरती नाही. १९४१मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार आंरी मातिस याला उभं राहून चित्रं रंगवणं जड जाऊ लागलं. तो मदतनिसांकडून कागदांना दाट जलरंग लावून घेई आणि रंगीत कागदात थेट कात्री घाली. अशा कातरकामातून झालेलं त्याचं ‘जॅझ’ हे पुस्तक १९४७मध्ये निघालं. खादाड सुरवंटाची गोष्ट सांगणारा अमेरिकी चित्रकार एरिक कार्लही पातळ टिश्यू कागद स्वतः रंगवून, कापून चित्रं जुळवायचा. सुरवंटाचं ते पुस्तक १९६९चं.

कागद वाळेपर्यंत पक्षी बघून यायचे. ज्याच्यावरून आमच्या रेल्वे स्टेशनला नाव मिळालं, त्या खांदेश्वर महादेवाच्या देवळालगत तलाव आहे. सकाळी तिथे जायचं आणि मुलांना मोजके प्रश्न विचारायचे. चोच डोक्यापेक्षा लांब की आखूड? शेपटी किती? पोट कुठल्या रंगाचं? खंड्या कसा असतो विचारलं तर सगळी एका सुरात “निळा” म्हणतात. नीट पाहिलं की कळतं, निळी फक्त पाठ, पंख आणि शेपटी. डोकं आणि पोट चॉकलेटी, गळा-छाती पांढरी, चोच लाल. त्या निळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळाई दिसते. म्हणून खंड्यासाठी एकच निळा कागद घेऊ नये, तीन-चार छटांचे तुकडे मिसळावेत. भारद्वाज काळा, पंख मात्र विटकरी आणि डोळा लालभडक. तांबट हिरवा, पण कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. एखादा रविवार मोकळा असेल तर मुंबई-गोवा महामार्गावरचं कर्नाळा अभयारण्य पनवेलहून जवळच आहे. त्याच्या जडणघडणीतही चितमपल्लींचा वाटा होता.

आता जुळणी. चार-पाच वर्षांच्या मुलांना कात्री देऊच नये, हाताने फाडू द्यावं. फाडलेल्या कडेला कागदाचा पांढरा तंतू दिसतो आणि तो लव असल्यासारखा भासतो. कागद एका दिशेने सरळ फाटतो, आडव्या दिशेने वेडावाकडा. मुलांना हे दोन-चार तुकड्यांतच उमगतं. मोठ्यांना बोथट टोकाची कात्री. आधी जाड कागदावर अंगाचा मोठा आकार, मग पिसं. पिसं चिकटवायची शेपटीकडून डोक्याकडे, कौलं शाकारतात तशी. कौलं वळचणीपासून आढ्याकडे चढत जातात आणि वरचं कौल खालच्याची कड झाकतं; पिसांचंही तेच. डोळा सगळ्यात शेवटी. तो बसला की कागदाचा ढीग एकदम आपल्याकडे बघू लागतो.

खळीसाठी दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत तो अजिबात नको. मोरचूद विषारी असतो. ताजी खळ करावी आणि दोन दिवसांत संपवावी.

मागच्या वर्षी मीही मुलांबरोबर खंड्या करायला बसले. छाती पांढरी, म्हणून पोटही पांढरंच चिकटवलं. शेजारची पहिलीतली मुलगी कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, “काकू, तुम्ही तलावावर आला नव्हतात का? त्याचं पोट चॉकलेटी असतं.” आले होते, पण मुलं मोजण्यात माझा वेळ गेला होता. तिने चॉकलेटी तुकडा फाडला, खळ लावली आणि माझ्या चुकीवर दाबून बसवला. पांढऱ्याची एक बारीक कड तेवढी वर राहिली. ती मी तशीच ठेवली आहे.