व्हिडिओ संपादनातील प्लेबॅक

व्हिडिओ संपादनातील प्लेबॅक म्हणजे संपादन सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर मांडलेले चित्रण, अंतिम संचिका तयार करण्यापूर्वी, ठरलेल्या फ्रेम दराने पडद्यावर चालवून पाहण्याची क्रिया होय. संगणकाला एखादी फ्रेम वेळेत तयार करता आली नाही, तर ती वगळून पुढची फ्रेम दाखवली जाते. यालाच फ्रेम गळणे म्हणतात. फ्रेम गळू लागल्या की चित्र अडखळते आणि कट नेमका कोठे घ्यावा, ओठांची हालचाल व आवाज जुळतात की नाही, हे संपादकाला खात्रीने ठरवता येत नाही.

प्लेबॅकचा वेग साठवण, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मेमरी या साखळीतील सर्वांत संथ दुव्यावर अवलंबून असतो. तो दुवा न ओळखता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

कार्यपद्धती

भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेमचा दर रूढ आहे. या दराने प्रत्येक फ्रेमसाठी ४० मिलिसेकंद मिळतात. ५० फ्रेमच्या दराने केवळ २०. एवढ्या अवधीत संगणकाला संचिका वाचणे, तिचे संपीडन उकलणे, रंगदुरुस्ती व इफेक्ट लावणे आणि तयार चित्र पडद्याकडे पाठवणे ही सर्व कामे पार पाडावी लागतात.

३८४० × २१६० पिक्सेलच्या, प्रत्येक रंगासाठी ८ बिट वापरणाऱ्या एका असंपीडित फ्रेमचा आकार सुमारे २५ मेगाबाइट असतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास हा प्रवाह सुमारे ६२२ मेगाबाइटचा होतो. कॅमेरे तो संपीडित करून साठवतात. सेकंदाला १०० मेगाबिट दराने चित्रित केलेल्या संचिकेत प्रतिसेकंद केवळ १२.५ मेगाबाइट माहिती असते, म्हणजे मूळ प्रवाहाचा सुमारे पन्नासावा भाग. त्यामुळे डिस्कवरील भार हलका होतो. मात्र संपीडन उकलण्याचे काम वाढते.

कोडेकचा परिणाम

संपीडनाच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ आणि २०१३ साली आलेला एचईव्हीसी किंवा एच.२६५ हे कोडेक साधारणतः फ्रेमचे गट करतात. गटातील एक फ्रेम पूर्ण साठवली जाते आणि उरलेल्या फ्रेममध्ये मुख्यतः शेजारच्या फ्रेमहून असलेला फरक नोंदवला जातो. अशा गटाच्या मध्यावरील फ्रेम दाखवायची असल्यास आधीच्या पूर्ण फ्रेमपासून उकल करत यावे लागते. सरळ पाहताना हे फारसे जाणवत नाही. परंतु संपादनात वारंवार मागे-पुढे जावे लागते, उलट दिशेने पाहावे लागते, तेव्हा संगणक अडखळतो. म्हणूनच साध्या प्लेअरमध्ये सुरळीत चालणारी संचिका टाइमलाइनवर अडखळू शकते.

ॲपलचा प्रोरेस आणि ॲव्हिडचा डीएनएक्सएचडी हे संपादनासाठी घडवलेले कोडेक प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवतात. त्यांची उकल सोपी असते, पण संचिका मोठ्या होतात. ३८४० × २१६० आकार व २५ फ्रेमच्या दराला प्रोरेस ४२२ सेकंदाला सुमारे ४९२ मेगाबिट, म्हणजे जवळपास ६१ मेगाबाइट जागा घेतो.

हार्डवेअरचे घटक

प्रोसेसर व उकल यंत्रणा : अनेक प्रोसेसर व ग्राफिक्स चिपमध्ये ठरावीक कोडेक उकलणारे स्वतंत्र परिपथ असतात. इंटेलने २०११ साली क्विक सिंक या नावाने अशी सोय आणली. कोडेकचा प्रत्येक उपप्रकार या परिपथांना उकलता येतोच असे नाही. १०-बिट ४:२:२ प्रकारचे चित्रण हे याचे ठळक उदाहरण आहे : ते उकलण्याची सोय एनव्हीडियाच्या जीफोर्स मालिकेत २०२५ सालच्या आरटीएक्स ५० पिढीपासून आली. परिपथाचा आधार नसल्यास सारा भार प्रोसेसरच्या गाभ्यांवर पडतो. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यांत अंतर्गत ग्राफिक्स चालू नसल्याने क्विक सिंक मिळत नाही.

ग्राफिक्स कार्ड : रंगदुरुस्ती, आकारबदल, नॉइज कमी करणे व अनेक इफेक्ट यांची आकडेमोड ग्राफिक्स कार्डावर होते. ३२-बिट अचूकतेने चार वाहिन्यांसह हाताळल्यास ३८४० × २१६० आकाराची एकच फ्रेम सुमारे १३३ मेगाबाइट मेमरी व्यापते. म्हणून कार्डावरील मेमरीही पुरेशी असावी लागते.

मेमरी : मुख्य मेमरी कमी पडली की संगणक डिस्कचा आधार घेतो आणि वेग एकदम घसरतो. गरजेपुरती मेमरी असल्यावर ती आणखी वाढवून प्लेबॅकमध्ये विशेष फरक पडत नाही.

साठवण : फिरत्या चकतीची हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला साधारण १०० ते २५० मेगाबाइट देते, साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० मेगाबाइट, तर एनव्हीएमई एसएसडी हजारो मेगाबाइट. एका कॅमेऱ्याच्या एच.२६४ चित्रणाला हार्ड डिस्कचा वेग पुरतो. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी पाहताना मात्र वाचनशीर्षाला सतत जागा बदलावी लागते आणि तेथे एसएसडीचा लाभ स्पष्ट दिसतो.

उष्णता : तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. आरंभी सुरळीत चाललेला प्लेबॅक काही मिनिटांनी अडखळू लागला, तर हे कारण तपासले जाते. लॅपटॉपमध्ये ते विशेष आढळते.

संथ दुवा ओळखणे

प्लेबॅक चालू असताना कार्यप्रणालीच्या टास्क मॅनेजरसारख्या साधनात प्रत्येक घटकाचा वापर पाहता येतो. इफेक्ट तात्पुरते बंद केल्यावर अडखळणे थांबले, तर भार आकडेमोडीचा आहे असे समजते. इफेक्ट नसतानाही ते कायम राहिले, तर कोडेक किंवा डिस्क तपासावी लागते. तीच संचिका वेगवान डिस्कवर ठेवूनही फरक पडला नाही, तर दोष बहुधा उकलीत असतो.

उपाय

प्रॉक्सी : मूळ चित्रणाच्या लहान आकाराच्या, सहज उकलणाऱ्या प्रती करून त्यांवर संपादन केले जाते आणि अंतिम संचिका मूळ चित्रणावरून बनवली जाते. १९२० × १०८० आकाराच्या प्रोरेस प्रॉक्सीला २५ फ्रेमच्या दराने सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट लागतात. नवीन हार्डवेअर न घेता करता येणारा हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

प्लेबॅकचे रेझोल्यूशन घटवणे : रेझोल्यूशन निम्मे केल्यास पिक्सेलची संख्या एक चतुर्थांश होते व इफेक्टचा भार घटतो. परंतु एच.२६४ची फ्रेम सहसा पूर्णच उकलावी लागत असल्याने तेथे लाभ मर्यादित राहतो.

रेंडर कॅशे : टाइमलाइनचा जड भाग आधीच आकडेमोड करून साठवला जातो. त्या भागात बदल केल्यास तो पुन्हा रेंडर करावा लागतो.

मर्यादा

प्रॉक्सी तयार करण्यास वेळ व अतिरिक्त जागा लागते. लहान प्रतीवर फोकसची अचूकता व चित्रातील नॉइज यांचा अंदाज येत नाही. त्यामुळे अशा तपासणीसाठी व अंतिम रंगदुरुस्तीसाठी मूळ चित्रणाकडे परतावे लागते. प्रॉक्सीचा फ्रेम दर, टाइमकोड व आवाजाच्या वाहिन्या मुळाशी जुळत नसल्यास दोहोंची जोडणी चुकते आणि अंतिम संचिकेत कट सरकण्याचा धोका राहतो.